हॅट घालून कोसमटोल्याला

मी हॅट घ्यायचं ठरवलं आणि तिथेच सगळं चुकलं. शेजारचे बापूजी ओव्हरसियर पेन्शनीत निघाल्यापासून आपली जुनी साहेबी हॅट अंगणात गहू वाळत घातले की काठीवर अडकवून ठेवत, कावळ्यांसाठी. (हे मला माहीत होतं. तरी मी घेतली.)

"जंगलात चालला तू गुणवंता," बापूजी म्हणाले, "तिथी मानसाले कोनी वळखत नाई. हॅटले वळखते."

पुलगावच्या कापसाच्या जिनातली हजेरी-कारकुनी सोडून वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी मास्तर झालो होतो. साल एकोणीसशे त्रेपन्न. नेमणूक चांदा जिल्ह्यात, कुरखेड्याच्याही पुढे, कोसमटोला नावाच्या गावी. शाळा नवी होती आणि हुकमात अट होती की महिनाअखेर पटावर निदान पंधरा मुलं दिसली पाहिजेत. नाहीतर शाळा बंद आणि मास्तरही. जिनातल्या माझ्या खुर्चीवर दुसरा बसला होता. पुलगावच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं. थोडक्यात, पंधरा मुलं मिळाली नसती तर बायको आणि दोन मुलींना घेऊन कुठे जायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मला भीती वाटत होती. पण भीती बायकोसमोर कबूल करण्याचीही मला भीती वाटत होती.

चांद्यापर्यंत रेल्वे, आरमोरीपर्यंत मोटार आणि पुढे तीन दिवस बैलगाडी. गाडीवान वारलू म्हणून होता. अंगाने वाळका आणि बोलायला एकच वाक्य, "होय साहेब." हॅटचा पहिला गुण आला म्हणून मी खूश झालो. आरमोरीच्या चहावाल्याने मात्र पुढच्या रस्त्याला वाघ फार असल्याचं सांगून वर चहा फुकट दिला, तो मला शेवटचा चहा वाटला.

दुसऱ्या दिवशी कुरखेड्याची वस्ती मागे पडली. मोठे रस्तेही संपले. दोन्हीकडून झाडी इतकी जवळ आली की फांद्या हॅटला लागत. दुपारी पहिलं गाव आलं. पंधरा-वीस घरं, आणि एक माणूस नाही. खळ्यावर धान पसरलेलं. एका चुलीवर आंबील अजून रटरटत होती. बाजेवर अर्धी विणलेली टोपली पडली होती. कुत्रं होतं, तेही आम्हाला पाहून भुंकलं नाही, घरामागे गेलं.

"वारलू," मी हलक्या आवाजात विचारलं, "वाघ आला काय इथी?"

"होय साहेब."

"मानसं खाते?"

"होय साहेब."

"का रोगराई आहे?"

"होय साहेब."

म्हणजे दोन्ही. माझी बायको मनकर्णा मात्र गाडीतून उतरून घराघरात डोकावून आली.

"अवो, कोंबड्याही नाईत," ती म्हणाली.

"वाघानं खाल्ल्या असतीन."

"समद्या? आन एक पीसही नाई पडलं?"

"सफाईनं खानारा वाघ असन," मी म्हणालो. (जिनात चौदा वर्षं मी वरिष्ठांना असेच खुलासे देत आलो.)

पुढचं गाव तसंच. त्याच्या पुढचंही. प्रत्येक गावी चूल गरम, माणूस गायब, कोंबडी गायब. तिसऱ्या गावात तर पाळणा हलत होता आणि आत मूल नव्हतं. ते पाहून मनकर्णानेही धाकटीला पदराखाली घेतलं. थोरली कमळा आठ वर्षांची, शाळेत हुशार.

"बाबा, वाघ पयले कोनाले खाते? गाडीत समोर बसते त्याले का मांगं बसते त्याले?"

मी मध्ये सरकून बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, या भल्या गाडीवानाचं काहीतरी भलं करावं. मी वही-पेन्सिल काढून त्याला बापाचं नाव आणि गाव विचारलं. शाळेला शिपाई लागेल तेव्हा त्याचं नाव पुढे करायचं, असा माझा विचार होता. वारलूने वहीकडे पाहिलं, मग हॅटकडे.

"पानी पाहून येतो साहेब," तो म्हणाला. तीन दिवसांतलं त्याचं हे पहिलंच वेगळं वाक्य. तो झाडीत शिरला आणि परत आला नाही.

आम्ही तासभर वाट पाहिली. मी हाका मारल्या, पण अशा बेताने की वाघाला ऐकू जाऊ नयेत.

"नेलं त्याले," मी म्हणालो. बायको-मुलींना मी इथे आणलं, हॅट घालून आणलं, आता यांचं काय होईल, हेच डोक्यात फिरत होतं.

"नेलं त नेलं. आपन काय इथीच बसाचं?" असं म्हणून मनकर्णाने पदर खोचला आणि कासरे हातात घेतले. ती शेतकऱ्याची मुलगी. बैल तिचं ऐकत. मी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसलो आणि कुटुंबाचं मागून रक्षण केलं. (मागून काही दिसलं असतं तर मी काय करणार होतो, हे मला कुणी विचारलं नाही.)

दुपार कलली तेव्हा कोसमटोला आला. माझी शाळा, माझी पंधरा मुलं, आमचं नवं आयुष्य. सगळं गाव रिकामं. मला रडूच आलं. मी ते हॅट पुढे ओढून झाकलं.

तेवढ्यात एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी दिसली. पायाने अधू, म्हणून मागे राहिलेली. नाव बुधरी, ते नंतर कळलं. तिने मला पाहिलं, हात जोडले आणि टोपलीखालून एक कोंबडी काढून माझ्यासमोर धरली.

"घे साहेब. हे एकच राह्यली. मानसं नाईत, बोजा कोनी नेनार नाई."

"कोंबडी काऊन देऊन राह्यली आजी?" मनकर्णाने विचारलं.

"हॅट आली का कोंबडी द्या लागते," बुधरी म्हणाली, "अंडे द्या लागते. मंग चार मानसं धरून नेते बोजा उचलाले, पैसा ना पानी. वहीत नाव लिवलं का मंग सुटका नाई. म्हनून हॅट दिसली का गाव रानात जाते. एक गाव दुसऱ्याले खबर देते. वारलू तुमच्या पयले येऊन सांगून गेला."

मनकर्णाने माझ्याकडे सावकाश वळून पाहिलं. तीन दिवस आम्ही ज्या गोष्टीला भीत होतो, ती माझ्या डोक्यावर होती. तिने हॅट काढून गाडीत फेकली.

"हे साहेब नाईत. मास्तर आहेत. पोरांले शिकवाले आले."

"साहेब असंच म्हनते," बुधरी म्हणाली. तिने झाडीकडे तोंड करून गोंडीत दोन हाका दिल्या. कुणी आलं नाही. पान हललं नाही. मनकर्णाने हाक दिली, कमळाने दिली. पटावर शून्य.

आणि मग माझ्या पाठीमागच्या झुडपात, दहा हातांवर, घोगरा, खोल, घशातून आलेला आवाज झाला.

पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी अंगणातल्या मोहाच्या झाडावर होतो, चांगला दोन पुरुष उंच, खोडाला चारी हातापायांनी मिठी मारून. धोतर खालच्या फांदीवर होतं. बायको आणि मुली खाली, जिथे होत्या तिथेच.

"आमी खालीच आहो म्हटलं," मनकर्णा वर पाहून म्हणाली.

झुडूप हललं. आतून एक म्हातारा खोकत बाहेर आला. सुकलू, गावचा मुख्य माणूस. सकाळपासून ओल्या झुडपात बसून त्याची छाती भरली होती. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, खाली धोतराकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. मग झाडीतून दुसरा हसला. मग सगळी झाडी हसली. बायका आल्या, माणसं आली, काखेत कोंबड्या घेऊन पोरं आली, आणि सर्वांत मागून वारलू आला.

"साहेब नोहे हा," सुकलू लोकांना म्हणाला. "साहेब असा भेत नाई. आमाले पाहून जो मानूस झाडावर जाते, तो आमचं काय करन? पाठवा पोरं."

त्या वेळी मला किती बरं वाटलं ते लिहून सांगता यायचं नाही. मनकर्णा खाली बोट नाचवत पोरं मोजत होती.

"एकोनीस आहेत," ती म्हणाली. "पट भरला. उतरा आता."

"उतरता येत नाई," मी म्हणालो.

शेवटी सुकलूने माणसं बोलावली. चौघांनी मला खांद्यावर घेऊन खाली आणलं, शाळेच्या झोपडीपर्यंत तसंच नेलं. ज्या बोज्याच्या भीतीने अख्खं गाव रानात पळालं होतं, तो त्यांना अखेर उचलावाच लागला.