नवरदेव हलला की ताशा

लग्नात आपण जराही गडबडायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. लोकांनी म्हटलं पाहिजे, नवरदेव असावा तर कुशाबासारखा! शांत, धीराचा! खरं सांगायचं तर मी जन्माचा तंद्रीवाला. माझ्यादेखत बैल दुसऱ्याच्या रानात शिरायचे, आणि मी आपला मुळशी धरणाच्या पाण्याकडं बघत उभा असायचो.

त्यातून सगुणेला बघून आल्यापासून तर विचारूच नका. घोटावड्याला तिच्या बापाच्या ओसरीवर तिला एकदाच बघितलं होतं. नाव विचारलं तेव्हा ती जे काही बोलली, ते एकट्या उंबऱ्यानंच ऐकलं. तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. अंतरपाट बाजूला होईल, ती मान वर करील, आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलेल. काय बोलेल? रोज पहाटे धरणावर धुकं उतरलं की मी काठावर बसायचो आणि तिच्या तोंडी नवनवी वाक्यं घालायचो. एकेक वाक्य असं गोड, की मलाच लाज वाटायची!

पण मध्ये आडवं आलं गडगनेर. लग्नाआधी भावकीतलं एकेक घर नवरदेवाला जेवायला बोलावतं. नको म्हणायची सोय नाही. एका घरी पोळी खाऊन दुसऱ्या घरी कमी खाल्ली, तर तिसऱ्या पिढीपर्यंत रुसवा! पुरणपोळी, त्यावर तूप, पुन्हा पुरणपोळी. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या, सांजेला तिसऱ्या. सगळं आत गेलं, आणि बाहेर यायचं नाव काढीना! रोज सकाळी तांब्या घेऊन जायचो, तसाच परत यायचो.

हळदीला बसलो तर बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"डोळं बघा कसं लागल्यात! सगुणंच्या ध्यानात हाय गं बया!"

ध्यानात होतो हे खरं. पण कसल्या, ते कुणाला सांगू?

ओळखलं ते गोजरा आत्यानं. घरात सगळ्यांत थोरली ती. "कुशा, तांब्या नेतोस तसा भरल्याला आणतोस. पोट बांधलंय व्हय रं?"

मी मान डोलावली. तेवढ्यात माझे चुलते हैबतराव, म्हणजे तात्या, तिथं आले. तात्या पलटणीत होते. पलटण सुटली, पण पलटणीचा आवाज काही सुटला नाही.

"आक्का, बाजूला हो! पौडच्या डाक्टराची गोळी हाय माझ्यापाशी. वर जुलाबाचं मीठ. पलटणीत गोरा सायब बी हेच घ्यायचा!"

"म्हून तर गेला त्यो देश सोडून!" आत्या म्हणाली. "बाहव्याच्या शेंगंचा गर द्यायचा कोमट पाण्यात. पोटाला चुचकारायचं असतं, हैबत. तुझी गोळी म्हंजी दंडुका!"

"शेंगा? शेंगा माकडं खात्यात!"

"मग कुठलं माकड कुथताना बगितलंस का कवा?"

तात्या इरेला पेटले. दोघांची पैज लागली. कुणाच्या औषधानं मी मोकळा होतो ते बघायचं, आणि हरणाऱ्यानं जन्मभर दुसऱ्याच्या औषधाला नाव ठेवायचं नाही.

लग्न घोटावड्याला. एसटी तेव्हा पौडापर्यंतच यायची, म्हणून आम्ही बैलगाड्यांनी पहाटेच पोचलो. मुहूर्त गोरजाचा. वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं. तात्यांनी ताशेवाल्या रमजानभाईंना बजावलं, "नवरदेव हलला की ताशा वाजलाच पायजे! मुक्यानं चालणारा नवरदेव आमच्या घराण्यात झाला न्हाई!"

"बेफिकीर ऱ्हावा, हैबतराव," रमजानभाई म्हणाले.

मग आत्यानं मला देवळामागं नेलं आणि काळाभोर गर पाजला. "तात्याला बोलू नगंस." थोडा वेळ वाट बघितली. काहीच नाही! तोवर तात्यांनी खांबाआड ओढलं. गोळी दिली, वर मिठाचं पाणी. "आक्काला बोलू नगंस." त्याचंही काही नाही. दोन्ही औषधं खोटी, असं म्हणून मी देवळाबाहेर बाहव्याच्या झाडाखाली आडवा झालो.

काय दुपार होती ती! वर सगळं पिवळं. अंगावर हळद, हळदीवर फुलांच्या पाकळ्या. डोळा लागला, आणि मी होडीत बसून धरणावर निघालो. पाणी हलत नव्हतं. धुक्यातून पलीकडचा काठ दिसायला लागला, काठावर सगुणा उभी. होडी आपोआप तिच्याकडं चालली. तिनं मान वर केली. ओठ हलले. आता बोलणार, आता बोलणार... आणि आभाळ गडगडलं!

दचकून जागा झालो. आभाळ निरभ्र होतं. गडगडत होतं ते माझं पोट! शेंग आणि गोळी, दोघींची गाठ पडली होती.

आता हळद लागलेल्या नवरदेवानं एकटं कुठं जायचं नसतं, आणि लिंबू टोचलेली कट्यार हातातून सोडायची नसते. पण सोबत शोधायला सवड कुठली? एका हातात कट्यार, एका हातात तांब्या, आणि देवळामागून निघालो ओढ्याच्या वाटेनं.

तड तड तड तड! रमजानभाईंनी बघितलंच.

"नवरदेव निघाला!" कुणीतरी ओरडलं. झोपलेलं वऱ्हाड फेटे सावरत उठलं. मी भरभर चालायला लागलो, तसा ताशाही भरभर. मी पळायला लागलो, तर ताशाला असा ठेका चढला की म्हातारे नाचायला लागले!

"घोडं आणा रं!" तात्या गरजले.

"घोडं नको! घोडं अजिबात नको!"

"पोरगं लाजतंय!" बायका हसल्या.

ताशा ऐकून मांडवातली नवरीकडची माणसंही धावली. हातात आरतीचं ताट घेऊन तिची आजी तुळजाबाई पुढं. "मुहूर्ताला तर लई येळ हाय! आन मांडव हिकडं, ह्ये तिकडं कुटं चालल्यात?"

"वरल्या खोऱ्याची रीत आसंल," सगुणेचा बाप हात जोडून म्हणाला. "पावन्यांच्या रितीला नाव ठिवायचं न्हाई. चला मागनं!"

चला मागनं! दोन गावं माझ्या मागं! डोळ्यांपुढं दिसायला लागलं, लग्न मोडलं, सगुणा घरात पळाली, आणि ते पहिलं वाक्य कायमचं राहिलं. रडूच यायला लागलं मला. करवंदीच्या जाळ्या आल्या तसा मी ओरडलो, "आत्याऽऽ! ह्यांना मागं फिरव!"

आत्याला क्षणात उमगलं. दोन्ही हात पसरून ती वाटेत उभी राहिली. "थांबा समदी! नवरदेव वनदेवाला गेलाय! आमच्यात एकट्यानंच जावं लागतं!"

सगळ्यांनी पायातली पायताणं काढली. तुळजाबाईनं तिथूनच आरती ओवाळली. आणि रमजानभाई म्हणाले, "देवाचं काम हाय, जोरात वाजवा रं!" त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या ताशामुळं बाकी काही कुणाला ऐकू गेलं नाही.

परत आलो, चार पावलं चाललो, पुन्हा वळलो.

"परत?" सगुणेच्या बापानं विचारलं.

"आमचा वनदेव लई कडक हाय," आत्या म्हणाली.

गोरजाला पाटावर उभा राहिलो तेव्हा मी कापसासारखा हलका झालो होतो. मंगलाष्टकं लांबून कुठून तरी येत होती. समोर अंतरपाट, पलीकडं तिच्या बांगड्यांची किणकिण. मला पुन्हा ते धुकं दिसायला लागलं. फक्त माझ्या पाठीमागं कुजबुज चालली होती.

"माझ्या शेंगंनं केलं!"

"हॅट! गोळीनं!"

अंतरपाट दूर झाला. ताशे कडाडले, अक्षता पडल्या. सगुणेनं हार घालताना मान वर केली. ओठ हलले! मी कान पुढं केला.

"अवो," ती माझ्या कानाशी म्हणाली, "शेंग का गोळी? माझं बी गडगनेर झालंय. मला बी न्हाई होत."

धरणाकाठी मी कितीतरी वाक्यं रचली होती. त्यात हे नव्हतं.

"दोन्ही घेतलं," मी पुटपुटलो. "कशानं झालं, देव जाणे."

पण तिच्याकडं बघून असा जीव कळवळला म्हणता! बिचारी त्या हळदीत, शालूत, तसलंच पोट घेऊन उभी होती. तंद्री गेली माझी. वऱ्हाड गावी परतल्यावर मी आत्याला गाठलं आणि सगुणेला नुसती शेंग द्यायला लावली. गोळीचा एक कणही नाही.

सकाळी देवदर्शनाला जोडीनं निघायचं होतं. सगुणा डोईवर पदर घेऊन, तांब्या लपवून, आत्याच्या सोबतीनं मागल्या दारानं घाईघाईनं निघाली. तात्या पडवीत मिशी पिळत बसले होते. शेंग जिंकली हे त्यांना सांगायला मी वळलो, पण सांगावं लागलंच नाही. अंगणात शेकोटीवर ताशा तापवत रमजानभाई बसले होते. नवरी हललेली त्यांनी बघितली, आणि ताशा उचलला!

सांजेला सगुणा माझ्याशी दुसरं वाक्य बोलली. ते मात्र अख्ख्या आळीनं ऐकलं.