साळूबाईंच्या चौदा काठ्या

एका जंगलात, बाळांनो, एका साळिंदराच्या आईला सलग चार दिवस झोप लागली नाही.

दिवसच म्हणतेय मी. साळिंदरं दिवसा झोपतात आणि अंधार पडला की कंदमुळं उकरायला बाहेर पडतात. हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नसेल, तर फी परत मागा.

या आईचं नाव साळूबाई. त्यांची लेक शलाका. नुकतीच सहाव्यात गेलेली. भर दुपारी बिळात लेक गाढ झोपलेली असायची, नवरा घोरत असायचा, आणि साळूबाई टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायच्या. मनात एकच घोर. पोरीला गोल्फच्या काठ्या कुठल्या घ्यायच्या?

हसू नका. तुमच्या आया काय काय विचार करत जागतात, ते एकदा विचारून बघा.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी वनराज सिंह दुसऱ्या जंगलाच्या राजाकडे पाहुणे म्हणून गेले आणि गोल्फ शिकून आले. आल्याबरोबर त्यांनी नदीकाठचं कुरण कातरून गुळगुळीत करून घेतलं. तिथे हरणं चरायची. हरणांनी विचारलं, "आम्ही आता चरायचं कुठे?" वनराज म्हणाले, "गुहेत या, सविस्तर बोलू." जी बोलायला गेली, त्यांचा चरायचा प्रश्न सुटला.

मग कुरणात नऊ भोकं पाडायची होती. ती साळूबाईंच्या नवऱ्याने पाडली. उकरण्यात त्याचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. मजुरीऐवजी त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते बिळात शिरल्या शिरल्या दिसेल असं लावलेलं होतं.

आणि मग दवंडी पिटली गेली. युवराजांबरोबर, म्हणजे वनराजांच्या बछड्याबरोबर, गोल्फ खेळायला जंगलातली बारा होतकरू पिल्लं निवडायची आहेत.

त्याच संध्याकाळी शेजारच्या सशीणवहिनी साळूबाईंच्या कानाशी लागल्या. "ऐकलंत का? युवराजांच्या सवंगड्यांना कुणी खात नाही म्हणे. मोठेपणीसुद्धा नाही."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ओळखी असतात कशासाठी मग?"

तेवढं एक वाक्य साळूबाईंच्या काळजात रुतून बसलं.

खरं तर साळिंदराच्या वाटेला सिंह सहसा जात नाही. साळूबाईंच्या घराण्यात आजवर कुणीही खाल्लं गेलेलं नव्हतं. का गेलं नव्हतं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. त्या चांगल्या शिकलेल्या होत्या, पण हा प्रश्न कधी परीक्षेला आलाच नव्हता.

त्यांना एवढंच दिसत होतं, की शलाकाचं नाव त्या बारांत यायलाच हवं. नाही आलं आणि उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर सगळं जंगल म्हणेल, आईने चार काठ्यांसाठी हात आखडला. जंगल म्हणो न म्हणो, साळूबाई स्वतः म्हणतील. स्वतःला बोल लावण्यात त्यांना कुणाची मदत लागत नसे.

आधी त्या कासवआजोबांकडे गेल्या. आजोबा तरुणपणी पुरात वाहत दुसऱ्या जंगलात पोचले होते आणि तिथे चाळीस वर्षं गोल्फ खेळले होते. दोनच डाव झाले, पण पूर्ण झाले.

"आजोबा, नवशिक्याला किती काठ्या लागतात?"

"नियमाने जास्तीत जास्त चौदा," आजोबा म्हणाले. "म्हणजे चौदा घ्यायलाच हव्यात असं नाही, पोरी. सुरुवातीला एक सात नंबरची लोखंडी पुरे. आणि भोकाजवळ चेंडू हलकेच ढकलायला एक पटर. फार हौस असेल तर सातांचा अर्धा संच घे. तोही कुणीतरी वापरलेला. पोर वाढतंय, पुढच्या वर्षी काठी आखूड पडणार."

"पण वापरलेल्या काठ्यांनी पोरगी मागे नाही पडायची?"

"चेंडूला कळतं होय, काठी कितीदा विकली गेली ते?"

सल्ला सरळ होता आणि फुकट होता. त्यामुळे साळूबाईंचा त्यावर विश्वास बसेना. परतताना त्यांना वाटलं, आजोबांच्या अंगावर जन्मजात टणक पाठ आहे. त्यांना काय, ते कशालाही पुरे म्हणतील.

दुसऱ्या दिवशी त्या वानरशेटच्या दुकानात गेल्या. सोबतीला सशीणवहिनी होत्याच. वहिनींनी आपल्या अद्वयसाठी आधीच संच घेतला होता. जंगलात नाणी नव्हती, ज्याच्या अंगावर जे असेल ते द्यायची पद्धत होती. वहिनींनी दोन्ही कानांची लव दिली होती. आता वारा सुटला की त्या कान पोटाशी धरून बसत आणि म्हणत, "हल्ली अशीच फॅशन आहे."

"या ताई, बसा," वानरशेट शेपटीनेच फळी झटकत म्हणाले. "मुलगी नवशिकी का? मग तर उत्तमातलंच घ्यायला हवं."

"नवशिक्याला साधं नाही का चालायचं?"

"उलटं आहे ताई! ज्याला खेळता येतं तो काय, बाभळीच्या फांदीनेही खेळेल. ज्याला खेळता येत नाही, त्याला काठीच चांगली लागते."

हे साळूबाईंना लगेच पटलं. जे आपल्या भीतीला पटतं ते आपल्यालाही लगेच पटतं, बाळांनो. ही तुमच्या आयांची गोष्ट आहे असं मी म्हटलेलं नाही.

वानरशेटने एकेक काठी काढून दाखवायला सुरुवात केली. "ही ड्रायव्हर. लांबच्या फटक्याची. डोकं केवढं मोठं आहे बघा. चेंडू कुठेही लागला तरी जातो. ही वाळूतून चेंडू काढायची. आणि ही लोखंडी घ्या हातात. हिचं वैशिष्ट्य म्हणजे ही चुका पोटात घालते. फटका चुकला तरी ही सांभाळून घेते."

साळूबाईंना ती काठी स्वतःसाठीच घ्यावीशी वाटली.

मग घसा खाकरून, शक्य तितक्या सहज आवाजात, त्यांनी विचारलं, "सातांचा अर्धा संच असतो म्हणे?"

"असतो की. तो काय, मागे."

मागे अंधारात एक टोपली होती. टोपलीवर पाटी होती : 'ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी.'

"काढू का?" वानरशेटने दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं.

सशीणवहिनी आभाळाकडे बघू लागल्या. आभाळात काहीही नव्हतं.

"छे छे," साळूबाई म्हणाल्या. "आपली माहिती म्हणून विचारलं."

चौदा काठ्यांचा संच ठरला. किंमत काट्यांत. एकेका काठीला वीस.

"तेवढे शेपटीकडचे राहू द्या हं," साळूबाई म्हणाल्या.

"तेच तर लागतात, ताई. लांब, ताठ, अणकुचीदार. राजवाड्यातून मागणी आहे."

"राजवाड्यात काय करतात काट्यांचं?"

"दात कोरतात."

साळूबाई क्षणभर थांबल्या. त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. तेवढ्यात वानरशेट म्हणाले, "काटे काय, परत येतात. पोरीचं वय परत येतं का?" आणि आठवता आठवता ते राहून गेलं.

पाठ पार बोडकी करून साळूबाई घरी आल्या. नवऱ्याने एक डोळा उघडला. "अगं, हे काय? गार नाही वाटत?"

"सुटसुटीत वाटतंय."

"तू सगळा विचार केला असशीलच," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. तो प्रत्येक बाबतीत हेच म्हणे. मग काही चुकलं तर विचार कुणाचा होता, हा प्रश्नच उरत नसे.

निवडीचा दिवस उजाडला. वेळ सकाळी आठची, म्हणजे साळिंदरांची मध्यरात्र. शलाका जांभया देत, चौदा काठ्यांची पिशवी फरफटवत कुरणात आली. पिशवी तिच्याहून उंच होती.

निवड करायला तरस सर होते. तरसाला हसण्याची सवय असते, पण हे सर हसत नसत. शिक्षक झाल्यापासून सुटलं म्हणे.

"हे काय आणलंय?"

"चौदा काठ्या, सर," साळूबाई पुढे होऊन म्हणाल्या. "पूर्ण संच आहे. चुका पोटात घालणाऱ्या आहेत."

"कशाला? पहिले सहा महिने आम्ही प्रत्येकाला एकच काठी देतो. इथलीच. सात नंबरची. चौदा घेऊन येणारी पिल्लं फटका मारतच नाहीत, कुठली काढू याचाच विचार करत उभी राहतात." त्यांनी पंजाने बाजूला दाखवलं. तिथे तशाच पिशव्यांचा ढीग पडला होता. सगळ्यात खाली अद्वयची होती.

साळूबाईंनी सशीणवहिनींकडे बघितलं. वहिनी परत आभाळ बघत होत्या.

कुरणावरून वारा आला. एरवी तो साळूबाईंच्या काट्यांतून शीळ घालत जायचा. आज नुसताच गेला.

शलाकाने आपली पिशवी ढिगावर टाकली आणि सरांनी दिलेली काठी घेतली. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याला वीतभर माती उकरली गेली. "बापावर गेलीय," मागून कुणीतरी म्हणालं. तिसऱ्या फटक्याला मात्र चेंडू असा काही उडाला, की युवराज उड्या मारू लागले. "ही माझ्या गटात! ही माझ्या गटात!"

तरस सरांनी यादीत बारावं नाव लिहिलं. शलाका.

साळूबाईंचे डोळे भरून आले. चार दिवसांची जाग, बोडकी पाठ, सगळ्याचं चीज झालं. पोरगी वाचली. आता तिला कुणी खाणार नव्हतं.

एवढ्यात स्वतः वनराज आले. जंगलाची एक रीत होती. वनराजांना कुणी पाठ दाखवायची नाही. ते ज्या बाजूला जातील त्या बाजूला तोंड करायचं आणि मान लववायची. सगळे आईबाप ओळीने तसे उभे राहिले. वनराज एकेकाला बघत पुढे येत होते. साळूबाईंपाशी ते थबकले.

"आपण कोण?"

"साळिंदर, महाराज."

"साळिंदर?" वनराजांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. साळूबाईही रीतीप्रमाणे जागच्या जागी फिरल्या. "अस्सं! आतून असं असतं तर. आम्हाला कधी कुणी दाखवलंच नव्हतं." त्यांनी नाक जवळ आणून एक दीर्घ श्वास घेतला. "छान. फारच छान. अशा जरा जवळ या."

"भाग्यवान हो तुम्ही!" सशीणवहिनी कुजबुजल्या. त्यांचा आवाज पार चिरकला होता. "आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत."

साळूबाई लाजल्या. आपण नीट नमस्कार केला ना, आपल्या तोंडाला कंदाचा वास तर येत नाही ना, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

वनराजांच्या जिभेने ओठांवरून एक फेरी मारली.

तेवढ्यात काठी पडल्याचा आवाज झाला. शलाका धावत आली आणि आई आणि वनराज यांच्या मधे घुसली. वनराजांकडे चक्क पाठ करून तिने सगळे काटे उभारले आणि खळखळ वाजवले. लहानसेच काटे ते. मग ती उलट्या पावलांनी, न थांबता, वनराजांच्या नाकावर चालून गेली.

कुरणातल्या लववलेल्या सगळ्या माना वर झाल्या.

वनराज एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. नाकात अडकलेला काटा त्यांनी पंजाने काढला, सगळे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते म्हणाले, "ऊन फार झालं आज." आणि निघून गेले.

तरस सरांनी यादीतलं बारावं नाव खोडलं. "शिस्त नाही," ते म्हणाले. त्या जागी त्यांनी अद्वयचं नाव लिहिलं.

"मनाला लावून घेऊ नका हो," सशीणवहिनी म्हणाल्या. त्यांना आता थंडी वाजत नव्हती.

साळूबाईंनी चौदा काठ्यांची पिशवी ढिगातून ओढून काढली आणि लेकीचा हात धरून घराची वाट धरली. जेमतेम चार पावलं त्या चालल्या. मग मात्र राहवेना.

"शलाका, अगं, किती कष्टाने मिळाली होती ती जागा! चांगल्या घरच्या मुली वनराजांकडे अशी पाठ करतात का?"

शलाकाने एक मोठी जांभई दिली.

"मग तोंड करून काय करणार होते मी, आई? काटे मागेच असतात. आणि तू आता माझ्या पुढे चाल बघू. ते अजून झाडाआडून तुझ्याकडेच बघताहेत."

तात्पर्य : नवशिक्याने सुरुवातीलाच चौदा काठ्यांचा पूर्ण संच कधीही घेऊ नये. सातांचा अर्धा घ्यावा. म्हणजे आई अर्धीच सोलली जाते आणि उरलेली अर्धी पुढच्या वर्षी, पोर वाढल्यावर, नव्या काठ्यांसाठी उपयोगी पडते.