तिकडची बाजू

पास्कलकाका पिनबॉल एकटेच खेळतात आणि रोज हरतात. हरवणारेही तेच.

पिनबॉल म्हणजे काचेखाली गोळी पळवायचं यंत्र. गोळी उतारावरून घरंगळत येते, आपण बटण दाबून ती परत वर धाडायची. पण काकांचं यंत्र जगावेगळं. मधोमध उंचवटा, दोन्हीकडे उतार, दोन्ही टोकांना बटणं. दोघांनी समोरासमोर उभं राहून खेळायचं. सातिवलीच्या एका गोदामात गंजत पडलेलं हे धूड काकांनी दुरुस्त करून वसईच्या घरी ओटीवर आणून ठेवलं. रिटाकाकू गेल्यापासून दोन्ही टोकं तेच सांभाळतात. इकडून गोळी मारली की लेंगा सावरत तिकडे धावतात.

तिकडे जमिनीवर एक पाट आहे. त्याला कुणी पाय लावायचा नाही. एका पाहुण्याने लावला, तेव्हा काका फक्त 'टिल्ट' म्हणाले. यंत्राला धक्का दिला की दिवे विझून ते बंद पडतं, त्याला टिल्ट म्हणतात. काकांचंही तसंच. एकदा टिल्ट झाले की दिवसभर तोंडाला कुलूप.

डॉक्टरांनी धावायला साफ मनाई केली होती. त्यामुळे मी, त्यांचा शेजारी, रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून हा खेळ बघायचो. तिकडे मी उभा राहू का, असं कितीदा विचारलं.

"तिथं माणूस आहे," एवढंच उत्तर.

एका संध्याकाळी काका धावता धावता मध्येच थांबले. हात छातीवर, कपाळावर घाम. मी धरायला गेलो, तर मलाच ढकललं. नजर काचेवर. गोळी उंचवटा ओलांडून काकूंच्या उताराला लागली होती.

"तिची गोळी जाईल रे," ते कसेबसे म्हणाले.

मी धावलो, थेट पाटावर चढलो आणि बटण दाबलं. गोळी परत फिरली. मग काकांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. थोडक्यात निभावलं. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. आता हा टिल्ट जन्माचा, असं वाटून मला रडूच येत होतं.

ते घरी आल्यावर भीत भीत गेलो. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला.

"ती बुटकी होती. पाटाशिवाय तिला गोळी दिसायची नाही," काका म्हणाले. "तुला उंची आहे. राहा उभा."

मी काकूंच्या जागी उभा राहिलो. काकांनी बटणांवर बोटं ठेवली.

"तिला रोज जिंकू द्यायचो. तुला देणार नाही."