पंचफुलाबाईंच्या पापडांची व्याप्ती

इंझोरीच्या पंचफुलाबाईंच्या शेततळ्यात रोहू वाढत होते आणि त्या माशांचे पापड मंगरूळपीरच्या बाजारात खपत होते. ही परिस्थिती गंभीर असल्याचे जलान्न नवोन्मेष संस्थेच्या लक्षात आले. उद्योग चालत होता. पण योजनेशिवाय चालत होता.

संस्थेच्या स्नेहा मॅडम जीपमधून उतरल्या. "काकू, तुमचं काम साऱ्या विकसनशील जगाला दिशा देणारं आहे. आता त्याची व्याप्ती वाढवायची."

पंचफुलाबाई हरखल्या. "मंग तयं मोठं करून देता का? अन् पापड वाळवाले एक शेड पाह्यजे."

"वित्तपुरवठा आहे ना! लहान उद्योगांनी मोठं व्हावं म्हणूनच आहे. अट एवढीच, की उद्योग आधीच मोठा असावा."

मोठेपणा तपासायला आस्वाद समिती आली. तिने पापड खाल्ले. तिचा निष्कर्ष पडताळायला दुसरी समिती आली. तिने उरलेले खाल्ले. 'मागणी प्रचंड, पुरवठा अपुरा' असा अहवाल गेला. त्यावर उपाय म्हणून पंचफुलाबाईंना प्रशिक्षणाला नेले. मासे कसे पाळावेत, हे त्यांना त्यांच्याच तळ्याची चित्रफीत दाखवून शिकवण्यात आले.

त्या शिकून परतल्या तर तळ्याचा काठ बगळ्यांनी पांढराफटक.

"मॅडम, बगये मासोया खाऊन राह्यले! जाळी तरी द्या!" त्या फोनवर ओरडल्या.

"हाकलू नका, काकू!" मॅडमचा आवाज आनंदाने कापत होता. "आपल्याला लाभार्थी कमी पडत होते. बगळे भूमिहीन आहेत, स्थलांतरित आहेत, आणि सकस आहार थेट त्यांच्या चोचीत पोहोचतोय!"

बगळ्यांची रीतसर नोंदणी झाली. पायाचा ठसा घेताना एकाने अधिकाऱ्याचे बोट फोडले. ते 'लोकसहभाग' या सदरात गेले. तळे रिकामे झाले तेव्हा उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाले होते. कितीतरी देशांनी हे प्रारूप मागवले. त्याला मासे लागत नसल्यामुळे ते वाळवंटातसुद्धा उभे राहू शकत होते.

रिसोडला सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांना उपवास, म्हणून मत्स्याहार परिषदेत साबुदाण्याची उसळ होती. पंचफुलाबाईंना पितळेचा भलामोठा मासा मिळाला.

"हा कायच्या कामाचा?" त्यांनी विचारले.

"दर्शनी भागात ठेवा," मॅडम म्हणाल्या.

पंचफुलाबाईंनी तो भंगारात घातला, आलेल्या पैशांचे मत्स्यबीज आणले आणि काठी घेऊन काठावर बसल्या. त्यांना मिळालेला हा पहिलाच वित्तपुरवठा. लाभार्थ्यांवर काठी उगारल्याबद्दल नोटीस आली. ती त्यांनी चुलीत घातली. मासे वाढले, पापड पुन्हा बाजारात आले.

सत्काराचा फोटो तुमच्याही मोबाईलवर आला असेलच. तुम्ही अंगठा दाखवलात, 'अभिमान वाटतो' असे लिहून पुढे धाडलात. आणि बाजारात त्यांच्या टोपलीपाशी येताच "मासळीचा वास येतो बुवा" म्हणत नाकाला रुमाल लावून निघून गेलात, तेही तुम्हीच.