वरच्या दोन खोल्या, सातशे पन्नासच्या पुढे

बल्लारपुरात भाड्याने घर हवं असेल तर अर्जदाराजवळ काय काय असावं, याची यादी देवानंदने स्वतःच तयार केली होती. त्यामुळे आपण त्या यादीत बसत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

देवानंद एका खाजगी फायनान्स कंपनीत ग्राहक पडताळणी अधिकारी होता. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जायचं, त्याचा चहा प्यायचा आणि परत येऊन त्याच्या फाईलवर ‘नामंजूर’ लिहायचं, असं त्याच्या कामाचं स्वरूप होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला बल्लारपुरात आर्थिक साक्षरता मेळाव्याला वक्ता म्हणून पाठवलं होतं. विषय होता ‘सुरक्षित भाडेकरू’. क्रेडिट स्कोअर सातशे पन्नासच्या पुढे असेल तरच घर द्या, असं त्याने ठणकावून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना प्रत्येकाला स्कोअरचा तक्ता छापलेलं एक कॅलेंडर फुकट मिळालं. मग तो ब्रह्मपुरीला आपल्या घरी जाऊन निवांत झोपला.

आता त्याची बदली बल्लारपूरलाच झाली होती. मुलगी आचल हिचा शाळेतला प्रवेश ठरला होता, पण शाळेला शनिवारपर्यंत पत्त्याचा पुरावा हवा होता. बायको नंदिनी रोज सकाळी फोन करून एकच विचारायची, “सामान बांधू का?” आणि देवानंदचा स्कोअर होता पाचशे एक्केचाळीस.

हा आकडा त्याला माशांनी मिळवून दिला होता. गावच्या तलावावर मच्छीमार संस्था होती, अध्यक्ष त्याचे दादाजीमामा. मासोळीचे वाटे पडायचे त्याच संध्याकाळी वजनकाट्याजवळ संस्थेच्या कर्जाचे कागद ठेवायची पद्धत होती. वाटा घ्यायचा, जामीनदार म्हणून सही करायची आणि घरी जायचं. कोणी कोणाला जामीन आहे हे विचारणं असभ्य मानलं जाई. जामीन राहू नका, असं देवानंद दिवसातून चार जणांना बजावत असे, पण हातात दोन किलोचा रोहू असताना मामाला नाही कसं म्हणायचं, हे त्याच्या प्रशिक्षणात नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तलावाची पाळ फुटली. मासे वैनगंगेला गेले, कर्ज थकलं आणि माशांबरोबर सगळ्या जामीनदारांचे स्कोअरही गेले.

देवानंद ज्यांचं घर पाहायला गेला ते जाफरभाऊ सुतारकाम करत. खाली दुकान आणि घर, वर कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्या. देवानंदला खोल्या फार आवडल्या. आचलला टेबल कुठे ठेवता येईल, तेही त्याने मनात ठरवून टाकलं. मग खाली येऊन बसला आणि समोरच्या भिंतीवर त्याला स्वतःचा फोटो दिसला. जाफरभाऊंनी त्या कॅलेंडरचा तक्ता कापून भिंतीला चिकटवला होता. ‘सहाशेच्या खाली : टाळा’ या ओळीशेजारी देवानंद बोट वर करून हसत होता.

“स्कोअर किती म्हनलं?” जाफरभाऊंनी विचारलं.

देवानंदने सांगितलं. मग मासे सांगितले, तलाव सांगितला, शनिवार सांगितला.

“अजी, माणूस तं चांगला दिसून राह्यला,” चहा ठेवत जाफरभाऊंच्या बायको साबिराबाई म्हणाल्या.

“तक्त्यात ‘चांगला दिसते’ असा रकाना नाई,” जाफरभाऊ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “तुम्हीच सांगतलं ना भाऊ? माणूस गयावया करन, पोरीचं नाव सांगन, पघळू नका म्हनून. आता पाहा, पोरीचं नाव तुम्ही सांगतलं का नाई?”

“सांगितलं.”

“मंग? मी पघळलो तं तुमचाच अपमान व्हईन.”

शेवटी देवानंदचा मान राखून एक सवलत देण्यात आली. सातशे पन्नासच्या पुढचा जामीनदार आणायचा.

देवानंद जामीनदार शोधायला निघाला. शाखेच्या व्यवस्थापकाने ‘ही माहिती गोपनीय आहे’ असं सांगून दिवसभर त्याच्याशी बोलणं टाळलं. चहावाल्याने आयुष्यात कोणाकडून दमडी उसनी घेतली नव्हती, त्यामुळे त्याचा स्कोअरच नव्हता आणि विश्वास ठेवायला काही आधार नव्हता. अख्ख्या ओळखीत योग्य माणूस एकच निघाला, लटारू. स्कोअर आठशे बारा. शाखेत ‘आदर्श ग्राहक’ म्हणून त्याचा फोटो लावलेला होता. लटारू एका शब्दावर तयार झाला.

त्याला दारात पाहताच साबिराबाईंनी बाहेर पालथी घातलेली बादली आत नेली. जाफरभाऊ उभे राहिले.

“हा? अकरा महिन्याचं भाडं बुडवून, वरून बादली घेऊन गेला ना हा वरच्या खोलीतून!”

“तुमाले भाडं देत बसलो असतो तं गाडीचे हप्ते कुठून भरले असते?” लटारू शांतपणे म्हणाला. “एक हप्ता चुकला नाई माहा. म्हून तं आठशे बारा आहे.”

जाफरभाऊंनी बोट ठेवून तक्ता वरून खालपर्यंत वाचला. बुडवलेल्या भाड्याविषयी तिथे अक्षरही नव्हतं. देवानंदलाही आठवेना की आपण ते का टाकलं नाही.

“पन जामीन काऊन पाहिजे?” लटारूने मार्ग काढला. “खोल्या मीच घेतो ना. भाऊ माह्याकडून घेतीन.”

नियमात हे चोख बसत होतं. लटारूने चार हजारात खोल्या घेतल्या आणि देवानंदला साडेपाच हजारात दिल्या. शनिवारी आचलचा प्रवेश झाला. अखेर पात्र भाडेकरू मिळाला, म्हणून जाफरभाऊंनी पेढे वाटले.

देवानंद दर एक तारखेला लटारूला भाडं देई. लटारू पाच तारखेला आपले हप्ते भरी. जाफरभाऊंना काही मिळत नसे, त्यामुळे त्यांचे खोल्यांच्या कर्जाचे हप्ते थकले. पाच महिन्यांनी त्यांनी धंदा वाढवायला रंधा मशीनसाठी कर्ज मागितलं आणि पडताळणीची फाईल देवानंदकडे आली. तो जिना उतरून पडताळणीला गेला. स्कोअर पाचशे अठ्ठ्याऐंशी.

“भाऊ, तुम्ही तं वरतीच राहून राह्यले,” जाफरभाऊ म्हणाले. “मी कसा माणूस आहो, सांगा ना कंपनीले.”

साबिराबाईंनी चहा आणला. देवानंदला लाज वाटली. त्याने चहा संपवला, भिंतीवरच्या स्वतःकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं : ‘अर्जदार चांगला दिसतो, परंतु तसा रकाना नाही. नामंजूर.’

महिन्याभरात जाफरभाऊंना घर विकावं लागलं. घेणाऱ्याला कर्ज दोन दिवसांत मंजूर झालं. आठशे सव्वीस स्कोअर असलेल्या लटारूला कोण नाही म्हणणार? मालक झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे तो तक्ता नवीन काचेत बसवला आणि त्यानुसार खालचं आणि वरचं, अशा दोन्ही बिऱ्हाडांना महिनाअखेर घर सोडायला सांगितलं.

सध्या देवानंद आणि जाफरभाऊ एकाच दुचाकीवरून घरं पाहत फिरतात. आचलची शाळा सुटू नये म्हणून बल्लारपुरातच हवं आहे. तुमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या असतील तर कळवा. दोघंही भाडं एक तारखेला देतील, तुमचं मोडकं कपाट जाफरभाऊ फुकट दुरुस्त करतील, आणि कोणी बादल्या नेणार नाही, हे साबिराबाई लिहून द्यायला तयार आहेत.

मात्र एवढं सगळं वाचूनही तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला, ते देवानंदला ठाऊक आहे. तो त्यानेच तुम्हाला शिकवला होता, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.