उद्या दोघींना पळवायचं!

अख्ख्या खालापूर तालुक्यात मोटार जागेवरून उठवावी तर ती आम्हीच! हे मी नाही म्हणत, माझी मोटार म्हणते. पाय दाबला की अशी झेप घेते की मागे बसलेल्याची टोपी आधीच्या जागीच राहते. एकदा साहेबांची राहिली होती. मी शोधून आणून दिली.

साहेब मुंबईचे. साजगावच्या वाटेवर त्यांचा बंगला, आणि त्या बंगल्यात मी, हिरामण ड्रायव्हर, एकटा. साहेब शनिवारी यायचे, रविवारी जायचे. बाकीचे दिवस मी मोटार पुसायचो आणि तिच्याशीच बोलायचो. सकाळी इंदूबाई दूध घालायला यायच्या, तेवढाच माणसाचा आवाज. लग्नाचं वय कधी येऊन गेलं, कळलंच नाही.

अशात लढाई लागली, पेट्रोल कूपनावर मिळू लागलं, आणि साहेबांनी कुठल्याशा संस्थानिकाची जुनी मोटार विकत घेतली. चक्क विजेवर चालणारी! पेट्रोल नको, हँडल मारायला नको, आवाज नाही. तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर सहदेवही आला, मोहोपाड्याकडचा. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एका पंगतीला जेवलो. महिन्याभरात अशी गत झाली, की त्याला ठसका लागला की पाणी मी प्यायचो!

आणि मग साहेब म्हणाले, "दोन मोटारी, दोन ड्रायव्हर परवडत नाहीत. खोपोली स्टेशन गाठताना मला नेहमी उशीर होतो. रविवारी सकाळी फाटकापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत दोन्ही सोडा. जी आधी पोचेल ती राहील. दुसरी जाईल, ड्रायव्हरसकट."

म्हणजे हरलो तर मी जाणार, आणि जिंकलो तर सहदेव जाणार! पण तोंड कसलं गप्प बसतंय? शनिवारी सकाळी पडवीत चहा पिताना आमची जुंपलीच.

"सहदेवा, उद्या दोघींना पळवायचं," मी म्हणालो.

"पळवू की! माझी तर चकार आवाज करणार नाय."

"माझी बोंबलंल, पण अंगात रग हाय रं! सकाळी गरम पाणी घातलं की झालं."

"तुझी म्हातारी हाय, हिरामण."

"आणि तुझी नाजूक! अर्ध्या वाटंत दमंल."

"म्हणून तर तिला तारेला जोडून ठेवलीय कालधरनं!"

फाटकाशी काहीतरी आदळलं. जाऊन पाहतो तो दुधाची चरवी लवंडलेली आणि इंदूबाई साजगावच्या दिशेने पळत सुटलेल्या! विंचू चावला असेल, असं म्हणून मी आत आलो.

रविवारी सकाळी फाटक उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली. अख्खं गाव दारात! पुढे पोलीस पाटील येसाजी काठी घेऊन. मागे नटूनथटून आलेल्या बाया, ओटीचं सामान, हिरव्या बांगड्या. कडेला मंगळ्या सनईवाला गाल फुगवून तयार.

"हिरामण, बाया कुठं हायत?" पाटलांनी दरडावलं.

"कुठल्या बाया?"

"पळवून नेणार हायस त्या! एक मुकी हाय म्हणं, आणि तिला तारेनं बांधून ठेवलीय! दुसरी म्हातारी!"

"पाटील, त्या काय, समोर उभ्या हायत!" मी दोन्ही मोटारींकडे बोट दाखवलं.

पाटलांनी वाकून सीटखाली पाहिलं. मग बॉनेट उघडायला लावलं. तिथेही बाई निघेना, तेव्हा ते इंदूबाईंकडे वळले.

"मला काय ठावं?" इंदूबाई तडकल्या. "म्हटलं, हिरामणची चाळिशी उलटली, पोरगं एकटंच भुतावानी राहतंय. पाटील एकीला सोडवतील, दुसरी तरी ह्याच्या पदरात पडंल. म्हणून मूठभर अक्षता आणल्या!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण खरं सांगू? माझ्या लग्नासाठी कुणीतरी अक्षता आणल्या होत्या, हे ऐकून मी मोटारीची पुसलेलीच काच पुन्हा पुसली. इतकी माणसं त्या फाटकाशी मी कधी पाहिलीच नव्हती. आलोच आहोत तर शर्यत बघू, म्हणून कुणी परत गेलं नाही.

साहेबांनी रुमाल टाकला. विजेची मोटार गेली! अहो, आवाजच नाही, त्यामुळे माणसं ती उभी होती तिथेच बघत राहिली! इकडे मी हँडल मारतोय. एकदा, दोनदा, माझी नुसती खोकते! एकदाची पेटली तेव्हा सहदेव मोरीच्या जवळ पोचला होता. मी उडी मारून आत बसलो, पाय दाबला, धुरळा उडवला. बघतो तो काय, मोरीच्या अलीकडे विजेची मोटार थांबलेली! जुनाट बॅटरी संपली! मी भोंगा वाजवत तिच्या शेजारून पुढे गेलो आणि मोरी गाठली.

जिंकलो! छाती फुगवून मागे वळलो. मोरीवर माझ्याजवळ कुणीच नव्हतं. सगळं गाव सहदेवाच्या मोटारीला खांदा लावून ढकलत होतं, हसत होतं, आणि मंगळ्या पुढे सनई वाजवत होता. इंदूबाईंनी अक्षता वाया कशाला, म्हणून तिच्याच टपावर टाकल्या.

दुपारी बैल जुंपून तिला वाटेला लावलं. गाव रस्त्यापर्यंत पोचवायला गेलं, सासरी निघालेल्या मुलीला पोचवावं तसं. सहदेवाने हात केला. मीही केला. संध्याकाळी पाट मात्र दोन मांडले, आणि मग एक उचलून भिंतीला लावला. घर अगदी खायला उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत टपूनच बसलो. इंदूबाईंची चरवी फाटकाशी वाजली, तसा रिकाम्या पडवीत मोठ्याने ओरडलो, "ऐकलंस का रं! येत्या रविवारी तिसरीला पळवायचं!"

इंदूबाईंनी दूध ओतलं. पदर सावरला.

"चाकांत हवा बघून घे रं तिच्या," म्हणाल्या, आणि फाटक लावून निघूनही गेल्या.