दळवीकाकांची उसण

कोपरच्या आमच्या सोसायटीत दळवीकाकांची लाथ खाल्ली नाही असा माणूस विरळा. आणि ज्याने खाल्ली, तो आभार मानून गेला.

काका पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाने कमरेला तीनदा लाथ लावली की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. म्हणजे कंबर धड असेपर्यंत हसतात आणि धरली की मानतात. मीही त्यातलाच. मागे गॅसचा सिलिंडर सरकवताना कमरेत अशी कळ आली, की मी वाकलेलाच जिना उतरून त्यांच्या दारात उभा.

"गाऱ्हाणं नको. भिंतीला हात लाव." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग उजवा पाय धुणार, पुसणार, टाचेला खोबरेल लावणार. त्या पायाचे लाड विचारू नका! घरात मोजा घालायचा तो फक्त उजव्या पायात. "डाव्याला गुण नाही," म्हणायचे. लाथा मारून झाल्या की "उतरली? मग नीघ," आणि दार बंद. माणूस खडूस, हे माझं पक्कं मत. काकू दोन वर्षं अंथरुणावर आहेत हे ठाऊक होतं, पण कशा आहेत विचारलं की "आहे" एवढंच उत्तर मिळायचं.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसला निघालो होतो, तेवढ्यात काकांचा फोन. "दार लोटलंय. ये. गडबड करू नकोस."

काका काकूंच्या पलंगाशेजारी फरशीवर आडवे. त्यांनाच उसण भरली होती. मला आधी हसू आलं, त्याची अजून लाज वाटते.

"माझं राहू दे. हिला कुशीवर वळव. वेळ झाली. आधी खांदा धर, गुडघ्यांत उशी घाल. आणि बोलत बोलत वळव रे, नाहीतर घाबरते ती."

ते सांगत गेले तसं मी काकूंना वळवलं. दर दोन तासांनी हे करावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसरात्र हे काम काका एकटे करत होते आणि आम्ही खुशाल आमच्या कमरा घेऊन त्यांच्याकडे जात होतो.

"एखादी बाई ठेवा ना, काका."

"दोन ठेवून झाल्या. गाठोडं वळवावं तशी वळवतात हिला."

"मग डॉक्टरांना तरी बोलावतो."

"ते म्हणणार, पंधरा दिवस वाकू नका. मग हिचं कोण करणार?" मग माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "तूच मार लाथ."

"काका, मी पायाळू नाही."

"माहितीय. मार."

सत्तरीच्या माणसाच्या कमरेला मी तीनदा हलकेच पाय लावला.

"गेली गं उसण!" काका पलंगाकडे बघून मोठ्याने म्हणाले. काकूंनी समाधानाने डोळे मिटले.

काकांनी कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला. तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ घट्ट दाबले आणि पुन्हा फरशीवर पडले. मग माझी पँट ओढून मला खाली बसवलं आणि कानाशी म्हणाले, "साडेअकराला येशील? मला नाही जमणार रे."